माझ्या लाटांची नक्कल

मित्रांनो, मी निळ्या काचेचा एक जुना तुकडा आहे. खरं तर आता दोन तुकडे आहे, आणि ते कोणामुळे, हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे. गोड गोष्टीची अपेक्षा असेल तर पान उलटा.

मला फुंकणाऱ्या कारागिराचा हात जरा थरथरला, म्हणून माझ्या अंगावर लाटा उठल्या. त्यांतून आलेलं ऊन जमिनीवर पाण्यासारखं हलायचं. आम्हा बारा भावंडांना शिशाच्या पट्ट्यांत जखडून एका वाचनालयाच्या जिन्यावरच्या खिडकीत बसवलं. ऐंशी वर्षं आम्ही तिथे होतो. सुरुवातीला लोक मान वर करून आमचं कौतुक करत. पुढे ते आटलं. रंगाऱ्यांनी आमच्या पाठींवर चुन्याचे शिंतोडे उडवले, ते कुणी पुसले नाहीत. मग दिवे बदलणाऱ्या एका धांदरटाने शिडी आपटली आणि माझ्या शेजारच्या भावाचा चुरा झाला.

दुरुस्तीसाठी आम्हाला एका कारखान्यात नेलं. तिथे एक म्हातारा आणि त्याची सून काम करत. दोघांचं मुळीच पटत नसे. काच कापायची हिरकणी मागायची तरी एकमेकांकडे बघत नसत.

“एका काचेसाठी एवढा खटाटोप कशाला?” म्हातारा म्हणाला. “सगळ्या काढ, भंगारात टाक. बाजारातली सपाट निळी काच बसव.”

“बाबा, मी अशाच लाटांची काच करून देते,” सून म्हणाली. “तुम्हाला नवी कुठली ते ओळखता आलं, तर बाराही सपाट बसवा.”

“एका नजरेत ओळखेन. चाळीस वर्षं काय झक मारली मी?”

पैज त्यांची, जीव आमचा टांगणीला.

माझ्या लाटा सर्वांत ठळक, म्हणून साच्यासाठी सुनेने मला निवडलं. तेल चोपडलं, भोवती चौकट उभी केली आणि वरून प्लास्टर ओतलं. पण माझ्या कडा आधी मातीने झाकायला हव्या होत्या, ते ती विसरली. प्लास्टर कडांवरून खाली उतरलं आणि मला मुठीत आवळून बसलं. म्हातारा समोरच उभा होता. त्याचे ओठ हलले, पण तो गप्प राहिला. साचा सोडवताना मी मधोमध तडकलो.

“कडांना माती नाही लावलीस,” म्हातारा तेव्हा म्हणाला.

“तुम्ही बघत होतात? मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलं नाहीस.”

चूक तिची होती, पण डूख त्याचा होता. मला दोघांचाही संताप आला, त्याचा जास्त.

साचा मात्र शाबूत होता. सुनेने त्यावर सपाट निळी काच ठेवून भट्टीत घातली. काच मऊ होऊन साच्यात बसली आणि माझ्या लाटा तिच्या अंगावर उतरल्या. अशा दोन काचा तिने केल्या, एक भावाच्या बदली, एक माझ्या, आणि म्हातारा नसताना सगळ्या काचांच्या जागा बदलून खिडकी जोडली. जुळ्या वाटू नयेत म्हणून दुसरी उलटी फिरवून बसवली. त्या दोघी मला डोळ्यांसमोर नकोत.

खिडकी ताब्यात घ्यायला वाचनालयाच्या बाई आल्या. म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि दोन काचांवर बोट टेकवलं.

“ह्या दोन नव्या. लाटा कशा ओढूनताणून आणल्यात बघा! पोरखेळ नुसता.”

सुनेने त्याला हवं तेवढं बोलू दिलं. मग तिने खिडकी फिरवली. म्हाताऱ्याने दाखवलेल्या दोन्ही काचांच्या पाठींवर जुन्या चुन्याचे शिंतोडे होते. ते तिने मुद्दामच खरवडले नव्हते.

बाई हसल्या. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

“आधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

माझी दहा भावंडं वाचली. ती आता जिन्यावर उन्हात आहेत आणि मी कारखान्याच्या खणात, अंधारात. दोघं अजूनही त्याच टेबलावर काम करतात आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत.

मित्रांनो, डोळ्यांसमोर कुणाच्या हातून काही मोडत असेल, तर तेव्हाच बोला. नंतर तुम्ही खरे ठराल, हुशारही ठराल. पण मी काही पुन्हा एक होणार नाही.