पहिल्यांदाच हो म्हणा

पावाचा शेवटचा तुकडा ताटलीत आडवा पडला होता, एका कडेला जरा जास्तच भाजलेला, आणि काकूंनी ताटली तिच्याकडे सरकवत विचारलं, "हा घेतेस?" — आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको." काकूंनी मान डोलावली, तुकडा डब्यात टाकला, झाकण लावलं. संपलं. या देशात येऊन सात महिने झाले तरी जिभेला अक्कल नाही. पोटात कावळे ओरडताहेत आणि वर नको म्हणे! बसा आता उपाशी.

काकू म्हणजे नात्यानं कुणीच नाहीत. कॉलेजनं ज्यांच्या घरी तिची राहायची सोय केली त्या बाई. चष्म्याच्या दुकानात नोकरी, वेळेच्या पक्क्या. तोंडावर त्यांना नावानंच हाक मारायची, तसं त्यांनीच सांगितलंय, पण मनातल्या मनात काकूच. वाईट नाहीत हो. वाईट असत्या तर एक बरं झालं असतं, रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

आठ दिवसांपूर्वी याच टेबलापाशी ती फोन हातात घेऊन उभी होती... दादानं नुकतंच सांगितलं होतं, बाबा गेले, झोपेतच गेले... आणि काकूंनी दंडावर हात ठेवून विचारलं होतं, "मी आज थांबू का घरी, तुझ्याजवळ?" नको, नको, तुम्ही जा कामावर. आणि त्या गेल्या. खरंच गेल्या! दार लागल्याचा आवाज झाला तरी मी तशीच उभी — आता मागे फिरतील, पर्स खुर्चीवर टाकतील, म्हणतील, नको काय नको, बस आधी खाली. बाहेर गाडी सुरू झाली. मग मी बेसिन पुसलं.

दुपारी ग्रंथालयात ती कोरा कागद पुढे ओढून बसली. परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या बाईंना तीनच्या आत एक पान हवं होतं. पुढच्या महिन्यात नवी मुलं येणार, अशीच लोकांच्या घरी राहणार, त्यांच्यासाठी चार उपयोगी गोष्टी लिहून दे म्हणाल्या. लिहू की. त्यात काय! बेसिन वापरलं की तिथल्या फडक्यानं कोरडं करा. जेवायला उशीर होणार असेल तर सहाच्या आत कळवा. कपडे धुण्याचा वार आधी विचारून घ्या. खोलीचं दार दिवसभर लावून बसू नका, घरच्यांना वाटतं तुम्ही रुसलात. फोनवर हळू बोला, गावाला ऐकवायचं नाहीये. आणि मग पेन आपोआप पुढं सरकलं — ही माणसं एकदाच विचारतात. आग्रह करत नाहीत. तुमचं नको त्यांना नकोच वाटतं, तेव्हा हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा.

वा. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर...

आईला हे जन्मात जमलं नसतं. आई, चहा घेतेस? नको ग. घे ना. नको, आत्ताच झाला. अगं टाकलाय मी! — बरं, अर्धा दे मग. रोजचं होतं ते. अर्धा म्हणायची आणि तिचा कप भरूनच द्यायचा, आणि ती तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. बाबा हसायचे, म्हणायचे, तुझ्या आईचं हो तिसऱ्या मजल्यावर राहतं, जिना चढून जावं लागतं. मी इकडे आल्यापासून तो तेच चढायचे...

जिना.

पेन थांबलं. त्या दिवशी, दादानंतर, आई फोनवर आली होती. मी विचारलं होतं, "आई, मी येऊ का?" आणि आई म्हणाली होती, "नको ग. परीक्षा आहे ना तुझी? आता येऊन काय करणारेस?" आणि मी... मी म्हणाले, "बरं."

बरं म्हणाले मी! त्यानंतर आई काही बोलली नव्हती, पण तिनं फोन ठेवलाही नव्हता. फोन खराब झाला असेल असं वाटलं मला, मी दोनदा हॅलो हॅलो केलं. हॅलो करायला सुचलं, येतेच म्हणायला सुचलं नाही. ती वाट बघत होती. मी काकूंची बघत होते तशी, उभ्यानं, आणि मी सात महिन्यांत इतकी शहाणी झाले होते की आईचं नको मला नकोच ऐकू आलं.

तिनं कागदावरची ती शेवटची ओळ खोडली. मग पुन्हा लिहिली, कारण सल्ला खरा होता. कागद बाईंच्या टेबलावर ठेवून ती चालत घरी आली. वाटेत दोनदा आईचा नंबर काढला आणि दोनदा फोन खिशात टाकला. आज विचारलं, येऊ का, तर ती काय म्हणेल? नकोच म्हणेल. आणि आज ते खरं असलं तर?

काकू लवकर आल्या होत्या, ओट्यापाशी पाणी उकळत होतं. "चहा घेतेस?"

"नको," ती म्हणाली, आणि काकूंनी फळीवरून एकच कप काढला. ती दारातच उभी राहून त्या एका कपाकडे बघत राहिली. दादा कामाचा माणूस, सकाळी घाईत असतो, तो आईला एकदाच विचारत असेल. आठ दिवस झाले. अर्धासुद्धा मिळाला नसेल तिला.