एका बोर्डावर दोन हीटर

माझ्या कॅम्परमधला हीटर एकोणीसशे सत्त्याऐंशीचा. माझा नवरा रॉजर म्हणायचा, लव्हर्न, हा आपल्या दोघांना पोचवून मगच जाईल. रॉजरला त्याने पोचवलं. यंदा बीटाचा हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नाही आणि त्याने मान टाकली. पंखा फिरत होता, गॅस येत होता, फक्त ठिणगी पडत नव्हती. मांडव सजलेला आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशातली गत.

रेड रिव्हरच्या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये साखरेचं बीट निघतं तेव्हा आमच्यासारखी बरीच म्हातारी मंडळी आपापले कॅम्पर, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन येतात. बारा तास बीटाचे ट्रक उतरवायचे आणि उरलेले बारा तास जत्रेच्या मैदानावर आपल्या घरात पडून राहायचं. रॉजर असल्यापासून मी येते. रॉजर गेल्यावरही येते, आणि हीच गोष्ट माझ्या मुलाला खुपते.

कर्ट ओमाहाला असतो. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"आई, तो हीटर भंगारवालासुद्धा घेणार नाही," तो फोनवर म्हणाला. "तू इकडे ये. तळघरातली खोली रिकामीच आहे."

"तळघरात ठेवायला मी काय बटाटा आहे?"

"टीव्ही लावून दिलाय तिथे."

"मग टीव्हीला ठेव."

"हे बघ, वीस तारखेच्या रविवारपर्यंत हीटर नीट झाला तर मी तोंड उघडणार नाही. नाही झाला तर मी येतो, तुला घेऊन जातो आणि कॅम्पर विकून टाकतो. कबूल?"

मी कबूल म्हणाले. एरवी म्हणाले नसते, पण त्या वेळी अंगात दोन स्वेटर होते आणि मी तिसरा शोधत होते. थंडीत माणूस काहीही कबूल करतं.

शेजारच्या जागेवर एल्डन नावाचा आयडाहोचा गृहस्थ उतरला होता. दाढीवाला, विधुर, एक म्हातारा कुत्रा बाळगणारा. त्याचं एक वाक्य संपून दुसरं येईपर्यंत ट्रक रिकामा होतो. त्याचा हीटरही माझ्याच वयाचा, म्हणजे माझ्या हीटरच्या वयाचा. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं आणि निदान केलं.

"बोर्ड गेला."

बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. ठिणगी कधी पाडायची ते ती ठरवते. माझी पाटी एका कोपऱ्यात काळी पडली होती. मी दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. एकाने साल ऐकून फोन ठेवला. दुसऱ्याने विचारलं, "बाई, संग्रहालयातून बोलताय का?" तिसरा भला माणूस. त्याने नव्या जातीचा बोर्ड पाठवला. दिसायला सुंदर होता. माझ्या वायरी त्याच्या एकाही भोकात गेल्या नाहीत. मैदानावरच्या एका हुशार माणसाने कोंबडी भाजायच्या शेगडीचं पेटवायचं बटण जोडून दिलं. त्याने ठिणगी पडली, पण त्याच्या बोटावर.

शेवटी तोडगा एल्डननेच काढला.

"तुम्ही दिवसपाळीला. मी रातपाळीला. दोघं एका वेळी घरात नसतो," तो म्हणाला. मग बराच वेळ गेला. "बोर्ड एकच पुरे."

त्या दिवसापासून त्याचा बोर्ड दोन घरांत नांदू लागला. संध्याकाळी आठला पाळी बदलायची तेव्हा एल्डन बीटाच्या ढिगापाशी यायचा आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेला बोर्ड माझ्या हातात द्यायचा. मी घरी येऊन चार स्क्रू पिळले की माझा हीटर पेटायचा. सकाळी आठला तोच मोजा मी त्याला परत द्यायची. आमचा मुकादम रँडी रोज न चुकता ओरडायचा, "अरे, लग्न लावून टाका दोघांचं, मोजा तरी एका जागी राहील!" बाकीचे रोज न चुकता हसायचे. बीटाच्या ढिगावर करमणुकीची साधनं कमी असतात.

पण अर्धा हीटर म्हणजे नीट झालेला हीटर नव्हे, हे कर्टने फोनवर स्पष्ट केलं. हंगाम संपला की एल्डन आयडाहोला जाणार, मग काय करशील? त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्यामुळेच मला राग आला.

मग एकदा पाऊस झाला, शेतात चिखल झाला आणि कामाला सुट्टी मिळाली. एल्डन आणि मी हर्शेलच्या भंगाराच्या आवारात गेलो. तिथे आमच्या जातीचे तीन कॅम्पर मरून पडले होते. पहिल्यात हीटरच नव्हता. दुसरा आतून जळलेला. तिसऱ्याचं दार हातभरच उघडत होतं आणि मी हातभर नाही, म्हणून एल्डन एकटा आत गेला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला.

"उंदीर," तो म्हणाला.

"आणि बोर्ड?"

"उंदीर," तो पुन्हा म्हणाला आणि कोटाची बटणं लावू लागला.

आम्ही हात हलवत परत आलो. वाटेत मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड करून रडले. एल्डनने रेडिओ लावला.

रविवार जवळ येत चालला. शनिवारी दुपारी वारा फिरला आणि पारा इतका उतरला की बीट जमिनीतच गोठायला लागलं. गोठलेलं बीट ढिगात घातलं तर ढीग सडतो, म्हणून रँडीने सगळं काम थांबवलं, दिवसाचंही आणि रात्रीचंही. म्हणजे हंगामात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच रात्री घरात असणार होतो. हीटर दोन, बोर्ड एक, आणि तो एल्डनकडे होता.

मी दार लावून घेतलं आणि रॉजरचा कोट अंगावर ओढला. थोड्या वेळाने दार वाजलं. एल्डन मोजा घेऊन उभा होता.

"हा घ्या. मला तीन पांघरुणं आहेत. वर कुत्रा."

"अहो, पण रात्री गोठून जाल!"

"आयडाहोचा आहे मी."

मी त्याचे मनापासून आभार मानले. तो तिथेच घुटमळला, तोंड उघडलं, मिटलं आणि निघून गेला.

माझं घर उबदार झालं आणि मला तिथे बसवेना. तो बिचारा तिकडे कुत्र्याला कवटाळून बसलाय आणि मी इकडे स्वेटर काढतेय. म्हणून मी बटाटे, खिमा आणि चीज घालून चौघांना पुरेल एवढी हॉटडिश भाजली. अंधार पडता पडता ती फडक्यात धरून त्याच्या कॅम्परकडे निघाले.

हीटरचा धूर बाहेर जायला कॅम्परच्या बाजूला एक जाळी असते. एल्डनच्या जाळीतून पांढरी वाफ निघत होती. मी हात लावून पाहिला. गरम. हीटर पेटल्याशिवाय जाळी गरम होत नाही. बोर्डाशिवाय हीटर पेटत नाही. बोर्ड माझ्याकडे होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्याकडे दुसरा बोर्ड होता! माझं घर, माझा कॅम्पर, माझं सगळं त्या एका पाटीवर टांगलेलं होतं, हे मीच त्याला सांगितलं होतं. आणि तो रोज मूग गिळून मोजा देत-घेत होता. मी तशीच मागे फिरले आणि चौघांची हॉटडिश एकटीने संपवली.

मग कर्टला फोन केला.

"येऊ नकोस. बोर्ड मिळाला."

"मिळाला? कुठे?"

"शेजारी."

सकाळीही काम बंदच होतं. मी माझा चालता हीटर बंद केला, चार स्क्रू काढले, बोर्ड मोज्यात घातला आणि जाऊन एल्डनचं दार वाजवलं.

"तुमची पाळी," मी म्हणाले.

त्याच्यामागे त्याचा हीटर घुरघुरत होता. कुत्रा गरम झोतापुढे पाय ताणून झोपला होता. एल्डनने मोज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हो का," तो म्हणाला. "द्या."

त्याने हीटर बंद केला. आतला बोर्ड काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या मोज्यातला बसवला. मी टॉर्च धरला होता. हीटर पेटला. कुत्र्याला काही फरक पडला नाही.

"हा कुठला?" मी टेबलाकडे बोट केलं.

"हर्शेलकडचा. तिसरा कॅम्पर."

"तुम्ही उंदीर म्हणालात."

"उंदीरही होते."

"आज माझा मुलगा मला न्यायला येणार होता, एल्डन. तुमच्यामुळे मी तळघरात गेले असते."

"काल सांगणार होतो. मोजा द्यायला आलो तेव्हा."

"मग?"

"तुम्ही आभार मानलेत. मग जमेना."

"आणि त्याआधी?"

त्याचे कान लाल झाले. या खेपेस मी वाट पाहिली.

"संध्याकाळी आठला तुम्ही फाटकाकडे डोळे लावून बसायच्या," तो म्हणाला. "बोर्डासाठी. ते कळतं मला. पण बायको गेल्यापासून कोणी माझी वाट बघत नव्हतं."

रात्रभर मी त्याला सुनावायची वाक्यं पाठ केली होती, एकाहून एक जहाल. त्यातलं एकही आठवेना, याचाही मला रागच आला.

"आणि कर्टने नेलं असतं तर?"

"आलो असतो ओमाहाला."

"कशाला?"

"बोर्ड घेऊन."

"तळघरात हीटर आहे, बाबा!"

"तरीही," तो म्हणाला आणि टेबलावरचा बोर्ड माझ्याकडे सरकवला. "हा घ्या. आता कायमचा तुमचा. परत द्यायचा नाही." मग त्याने भांडं चढवलं. "कॉफी?"

"अर्धा कप," मी म्हणाले आणि बोर्ड मोज्यात घालून मांडीवर ठेवला.

अर्धा कप झाला, मग एक पूर्ण झाला, मग त्याने दुसरं भांडं चढवलं. माझा कॅम्पर एव्हाना बाहेरच्या शेताइतका गार पडला असणार. कर्टशी मी खोटं बोलले नव्हते. बोर्ड मिळाला होता. तो बसवायची घाई आहे, असं मी कुणालाच म्हटलं नव्हतं.