पुनरुक्ती गाळणारा जावई

कानाला हेडफोन लावले की मला घरातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, अशी बायकोची तक्रार. ती खोटी नाही. उपाय म्हणून मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक पाइपलाइन लिहिली, म्हणजे एकापुढे एक उभे केलेले प्रोग्रॅमचे तीन तुकडे; त्यांना को-रूटीन म्हणतात. पॅसेजमधला मायक्रोफोन बोलणं टिपणार, पहिली को-रूटीन त्याचे शब्द करणार, दुसरी पुनरुक्ती गाळणार आणि तिसरी उरलेलं माझ्या स्क्रीनवर दाखवणार. प्रत्येकीने आपल्या जागी थांबायचं, मागचीने हातात काही दिलं की आपलं काम उरकून ते पुढचीला द्यायचं. आमच्या घरात इतकं शिस्तीत दुसरं कुणी वागत नाही.

पुनरुक्ती गाळायची ती सासूबाईंमुळे. त्या प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतात. आठवडाभर राहून आज त्या निघणार होत्या, आणि त्यांना दुपारच्या बसमध्ये बसवून द्यायचं काम बायकोने ऑफिसला जाताना माझ्या गळ्यात टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्यांच्या जाण्याची घाई त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

नेमकी त्याआधी बाथरूमची कडी अडकली आणि सासूबाई आत कोंडल्या गेल्या. त्यांनी हाक मारली, "जावईबापू, दार उघडा." तिसऱ्या को-रूटीनमध्ये सुरुवातीलाच माझ्या हातून एक 'यील्ड', म्हणजे 'थांब आणि येईल ते घे' ही आज्ञा, जास्तीची पडली होती, त्यामुळे तिने ती पहिली हाक घेतली आणि न दाखवताच गिळून टाकली. पुढच्या सगळ्या हाका तंतोतंत तशाच, त्यामुळे त्या दुसरीने गाळल्या. इकडे माझी स्क्रीन कोरी. घरात काय शांतता आहे, असं म्हणत मी आरामात चहा प्यायलो.

घरात कुणीच नाही असं धरून सासूबाई शेवटी स्वतःशीच बोलू लागल्या, आणि स्क्रीनवर ओळी उमटायला लागल्या. जावयाचं डोकं कुठे असतं देव जाणे. मुलीला जीव लावतो, तेवढं बरं आहे. मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली.

"अजून चार दिवस राहिले असते, पण कुणी राहा म्हटलं तर ना."

मला स्वतःची लाज वाटली. धावत जाऊन मी दाराला खांदा लावला, तशी कडी निखळली. घामाघूम सासूबाई बाहेर आल्या आणि बस मिळेल का म्हणून विचारू लागल्या. बस सुटायला बराच अवकाश होता आणि स्टॉप कोपऱ्यावरच होता.

"चुकली, आई," मी म्हणालो. "आता राहा चार दिवस."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट निरखून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावायला घेतले.