चौदा कळ्या

बियाणेवालीने पावाचा करपलेला तळ सुरीने खरवडला आणि काळा चुरा कागदावर गोळा केला. समोर शाळेतल्या बाई बियांची पाकिटं चाळत होत्या.

“रोजच करपतो का हो शेजारच्या भट्टीवाल्याचा पाव?”

“रोज कुठला! या दोन महिन्यांतच त्याचं चित्त थाऱ्यावर नसतं. गेल्या वर्षीही हेच. विचारलं की म्हणतो, मावशी, जाळ जास्त झाला.” तिने पावाचा तुकडा बाईंपुढे सरकवला. “पण चव बघा. पिठाचं आंबवण त्याच्या आजोबांच्या वेळचं आहे. रोज मूठभर पीठ आणि पाणी घालून जपलंय. तसं आंबट बाजारात मिळायचं नाही.”

बाईंनी खाल्लं, मान डोलावली आणि भोपळ्याचं पाकीट उचललं. त्यावर बियाणेवालीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ‘जुनं वाण. शुद्ध. अर्ध्या मैलात दुसरा भोपळा नाही.’

“हेच भट्टीवाल्याकडेही लावलेत ना? माझा वर्ग वरच्या मजल्यावर हलवलाय, तिथून त्याचं मागचं अंगण दिसतं. चांगले गोल गोल धरलेत.”

“गोल?”

“गोल, हिरवट. का हो?”

बियाणेवालीने सुरी खाली ठेवली. तिचे भोपळे लांब मानेचे असत, सुरईसारखे. तिने बाईंच्या हातातलं पाकीट अलगद काढून घेतलं.

“हे आज राहू दे. घेवडा न्या. भोपळ्याचं पुढच्या आठवड्यात बघू.”

बाई गेल्यावर तिने टेबलावरची चाळीस पाकिटं एकेक करून पालथी घातली.

हे वाण तिच्या नणंदेकडून आलं होतं. लग्नात बाकीच्यांनी भांडी दिली, नणंदेने अकरा बियांची पुरचुंडी. तेव्हा ती नवऱ्याजवळ महिनाभर धुसफुसली होती. आता नणंद नव्हती, नवरा नव्हता, भांडीही फारशी उरली नव्हती. भोपळा मात्र तिने एकतीस वर्षं जसाच्या तसा राखला होता. राखायचं म्हणजे एकच करायचं : जवळपास दुसरा भोपळा येऊ द्यायचा नाही. मधमाशीने परक्या नर फुलातला पराग इथल्या मादी फुलावर आणला की संपलं. फळ वरून तसंच दिसतं, बी मात्र बिघडलेलं असतं, आणि ते कळतं पुढच्या वर्षी, दुसऱ्याच्या अंगणात.

सहा वर्षांपूर्वी भट्टीवाला शेजारी राहायला आला, तेव्हा तिने त्याला हे सगळं समजावून सांगितलं होतं. वर मुळ्याचं नि पालकाचं बी फुकट दिलं होतं. “काय वाटेल ते लाव बाबा, भोपळा तेवढा नको.” त्याने पिठाचा हात शर्टाला पुसून शब्द दिला होता. मधल्या उंच भिंतीपलीकडे तिने त्यानंतर कधी डोकावून पाहिलं नव्हतं. शब्द दिलेल्या माणसाकडे डोकावायचं नसतं.

या वर्षी तिच्या सहाही वेलींवर भोपळे लांब मानेचेच आले होते. पण त्याच्याकडे गेल्या वर्षीही भोपळा असला तर? सहा वेलींवरून काय कळणार? गेल्या वर्षीचं बी साठ घरांत गेलं होतं. त्या साठ घरांना पत्रं लिहावी लागतील. लिहायचं काय, हेही तिने मनात जुळवून पाहिलं. पहिल्या वाक्यापुढे जाता येईना. तिने एक पाकीट मुठीत घेतलं, चपला घातल्या आणि वळसा घालून भट्टीवाल्याच्या मागच्या फाटकाशी गेली.

वेल भिंतीला चिकटून चांगली पंधरा हात पसरली होती. शेजारी खुर्ची टाकून भट्टीवाल्याचे वडील बसले होते. दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे राहायला आले. आयुष्यभर त्यांनीही पावच भाजले होते, पण आता हात कापायचे. कपबशी त्यांच्याकडे दिली की आधी आवाज यायचा, मग चहा.

“या,” ते म्हणाले. त्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. “बी विकायला निघालात?”

“तुमचा मुलगा कुठाय, आबा?”

“कणीक मळतोय. बसा. बरं झालं आलात, तुम्हाला झाडापेडातलं कळतं. आमच्याकडे चोर येतो.”

“भोपळ्यांचा?”

“छे! भोपळे आहेत तसे आहेत. फुलांचा.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. विटांवर खडूच्या रेघांची रांग होती. “संध्याकाळी मी उद्याच्या कळ्या मोजतो. काल चौदा होत्या. सकाळी उठून बघतो तर एकही नाही. पठ्ठ्या उजाडायच्या आत येऊन जातो.”

“सगळी फुलं नेतो?”

“तेच तर. शहाणा आहे लेकाचा. नुसती नर फुलं नेतो. ज्याच्या बुडाशी इवला भोपळा असतो, त्या फुलाला हात लावत नाही. मुलाला म्हटलं, पोलिसात जा. तर म्हणतो, बाबा, फुलांची तक्रार लिहून घेत नाहीत.”

बियाणेवाली वेलीजवळ वाकली. मादी फुलं जागच्या जागी होती. मधे मधे नुसते देठ उभे होते, नखाने खुडलेले, एका उंचीवर.

“कधीपासून चाललंय हे?”

“गेल्या वर्षीपासून. वेलीला पहिलं फूल आलं त्या दिवसापासून.” म्हातारा जरा पुढे झुकला. “आणि ऐन त्याच वेळी आमचे चिरंजीवही भट्टी सोडून कुठे जातात देव जाणे. पाव करपतात. माझ्या वडिलांनी असला पाव माझ्या पाठीत घातला असता.”

खुडलेल्या देठांवरून तिने बोट फिरवलं. परागच नसेल तर इथून माशी नेणार काय?

“नर फुलं नसताना भोपळे धरतात कसे, हे मात्र कोडं आहे,” म्हातारा म्हणाला.

“माझ्याकडची माशी येत असेल, आबा.”

मागचं दार उघडलं. भट्टीवाल्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. त्याने तिला पाहिलं, तिच्या मुठीतलं पाकीट पाहिलं आणि तो दारातच थांबला.

“मावशी, जरा आत या.”

आत परातीत कणकेचे गोळे फडक्याखाली फुगत होते. तो हळू आवाजात, भरभर बोलू लागला.

“मी दोनदा उपटली वेल. दोन्ही वेळा त्यांनी परत लावली. दुसऱ्यांदा म्हणाले, चहा हातात धरता येत नाही माझ्याच्याने, बी तरी मातीत टाकू दे. मग माझा हात उचलेना. तुम्हाला सांगायचं रोज ठरवत होतो. तोंड होत नव्हतं.”

“एखादं फूल राहिलं असलं तर?”

“रोज सगळी वेल चाळतो. नाही राहू देत.” पण त्याचा आवाज खाली गेला. “अंधारच असतो म्हणा.”

बियाणेवालीने पाकीट पदराआड केलं. भट्टी धगधगत होती आणि ओट्यावर सकाळचे न खपलेले, काळ्या बुडाचे पाव एकावर एक रचून ठेवले होते. ती ते पाहत राहिली.

“दोन वर्षं रोज?”

“फुलांच्या दिवसांत. उजाडायच्या आत. तेव्हाच पावांचा पहिला घाणा भट्टीत असतो.”

“मूर्ख आहेस,” ती म्हणाली. “उद्यापासून तू भट्टीपाशी थांब. फुलं माझ्याकडे लागली.”

दुसऱ्या दिवशी पूर्वेला उजाडू लागताच ती टोपली घेऊन फाटकातून आत आली. नर फुलं उमलायच्या बेतात होती, पिवळी टोकं पिळून बंद केलेल्या कागदासारखी. ती एकेक खुडत गेली. अकरा झाली. बारा.

“आज तो नाही आला?”

खिडकी उघडी होती. म्हातारा शाल गुंडाळून आत उभा होता. बियाणेवालीच्या हातातलं फूल टोपलीत पडायच्या ऐवजी जमिनीवर पडलं.

“आबा, तुम्हाला—”

“हळू बोला. भिंतीच्या कोपऱ्यात, मोठ्या पानाखाली बघा. तिथली दोन त्याला कधीच दिसत नाहीत. डोळे आईवर गेलेत.”

तिने पान उचललं. दोन देठ होते, वेडेवाकडे तुटलेले, नुकतेच, ओले. फुलं खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली होती. म्हाताऱ्याचा हात त्यांच्याशेजारी थरथरत होता.

“मग चोर चोर कशाला करता?” तिने विचारलं.

“चोर आहे म्हणून तर तो येतो. वीस मिनिटं इथे असतो, माझ्या खिडकीखाली. मी घोरल्यासारखं करतो. दिवसभर तो भट्टीशी, मी खुर्चीत. त्याला सांगू नका, येईनासा होईल.” मग म्हाताऱ्याने टोपलीकडे पाहिलं. “तसा आज आलाच नाही.”

बियाणेवालीने कठड्यावरची दोन फुलं उचलून टोपलीत घातली. मग पदराला हात पुसत मागच्या दाराने आत गेली.

भट्टीवाला लांब फळीवरून पहिले पाव आत सारत होता.

“झाली एवढ्यात?”

“आजची झाली. पण उद्यापासून माझ्याने व्हायचं नाही रे,” ती म्हणाली. “गुडघे ओरडतात वाकलं की. तुझं काम तूच कर.” तिने बाजूचं स्टूल ओढलं आणि भट्टीच्या तोंडाशी मांडून त्यावर बसली. “मी इथे बसत जाईन. पाव केव्हा काढायचे, तेवढं शिकव मला.”