किमरावांची बेगमी

प्रभाला रक्त बघवत नाही. मालिकेत कुणाच्या बोटाला सुरी लागली तरी ती ओढणी डोळ्यांवर घेते. अशी बाई दोन तास कोरियन झॉम्बींचा सिनेमा बघते आणि संपल्यावर "पुन्हा लाव गं" म्हणते, तेव्हा नवऱ्याला प्रश्न पडणारच. मला तर प्रश्न जरा जास्तच पडतात. नोकरीभर मी सरकारी इमारतींच्या पाण्याच्या टाक्या तपासल्या. गळती कुठून आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे. प्रभा म्हणते, दत्तात्रय साहेबांना साऱ्या दिल्लीची गळती दिसते, घरातली तेवढी दिसत नाही.

नोव्हेंबर होता. द्वारकेतल्या आमच्या गॅलरीतून समोरचा टॉवरही दिसेनासा झाला होता, विमानांचा नुसता आवाज यायचा. धुरामुळे शाळा बंद झाल्या, म्हणून आमची नात इशिता गाझियाबादहून राहायला आली होती. प्रभाला डॉक्टरांनी घराबाहेर पडायची बंदी केली होती. तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. ती बदलायची हे ठरलेलं, पण प्रभा काही तारीख देत नव्हती. आधी दिवाळी होऊ द्या, मग तुळशीचं लग्न होऊ द्या. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अंकल, अब और मत टालिए." मी चिडायचो, समजवायचो, आमच्या मुलीला, देवयानीला, फोन लावून द्यायचो. प्रभा हसून विषय बदलायची. ती ऑपरेशनला घाबरली आहे असं मी धरून चाललो होतो.

तर तो सिनेमा. रविवारी दुपारी इशितानं लावला, हिंदीत डब केलेला. सोलमधल्या एका उंच इमारतीत एक रिटायर्ड घड्याळजी आणि त्याची बायको राहतात. शहरात साथ पसरते, माणसं एकमेकांना चावत सुटतात. बायको जिन्यात शेजाऱ्याला हात द्यायला जाते आणि तोच तिला चावतो. नवरा तिला आतल्या खोलीत कोंडतो आणि बाहेरच्या खोलीत एकटा उरतो. त्याचं नाव आमच्या तोंडात काही बसेना, म्हणून प्रभानं त्याला किमराव करून टाकलं.

मला वाटलं होतं, पहिल्या चाव्याला ती उठून जाईल. ती उलट पुढे सरकून बसली.

"थांबव जरा, इशू. त्याचा गॅस किती दिवस पुरणार?"

"आजी, इट्स अ मूव्ही यार!"

"सिनेमातल्या माणसाला भूक लागत नाही? आणि पाणी? आपल्याकडे टँकर यायचा तेव्हा मी तांब्या-पेलेसुद्धा भरून ठेवायची. ह्यानं बादलीसुद्धा भरली नाही."

किमरावाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन दिवस बिस्किटं खाल्ल्यावर तो गॅलरीत गेला, तर तिथे बायकोनं थंडीसाठी भरून ठेवलेल्या बरण्या. तिखटात मुरवलेला कोबी, मुळा, वाळवलेले मासे. पुढचा सगळा सिनेमा तो त्या बरण्यांवर जगला.

"अगंबाई, ही तर बेगमी!" प्रभा म्हणाली.

"बेगमी म्हणजे? सेव्हिंग्ज?" इशितानं विचारलं.

"पुढच्या दिवसांची तरतूद. माझी आई उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट करून डबे भरायची. म्हणजे पुढे अडलं-नडलं तर घरात काहीतरी हवं."

शेवटी हेलिकॉप्टर येतं आणि किमराव गच्चीवरून त्यात चढतो. आतल्या खोलीचं दार बंदच राहतं. प्रभाला ते अजिबात आवडलं नाही. इशिता म्हणाली, "आजी, दार उघडणं म्हणजे स्टुपिड. त्याला पण चावली असती." प्रभानं रिमोट तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "पुन्हा लाव. त्या बरण्या दाखवतात तिथून."

संध्याकाळी जावई येऊन इशिताला घेऊन गेले आणि माझ्या डोक्यात भुंगा ठेवून गेले. रक्ताला भिणारी बाई ह्या सिनेमात नेमकं काय शोधत होती?

सोमवारी सकाळी पेपर वाचत बसलो होतो. प्रभा समोर येऊन उभी राहिली. "अहो, मला चावलंय."

"काय चावलं? डास?"

"झॉम्बी. जिन्यात." तिनं पाण्याची बाटली आणि औषधांची डबी उचलली. "मी आता आतल्या खोलीत. बोलणार नाही. तुम्ही बाहेर जायचं नाही, फोनवरून काही मागवायचं नाही. घरात आहे त्यावर जगून दाखवा."

"प्रभा, वय काय आपलं?"

"किमरावाचं तेवढंच होतं."

"कडी लावायची नाही," मी ओरडलो. तिनं दार नुसतं लोटून घेतलं. म्हटलं, चला, बायको विश्रांती तरी घेईल. आणि मी म्हणजे काही किमराव नव्हे. निवृत्तीनंतर आखाती देशांतल्या टाक्यांवर सल्ला दिलेला माणूस, चहा करता येणार नाही?

ओट्याजवळ खुर्ची होती, तिला आधी ठेचकाळलो. ही इथे का असते, हा प्रश्न मला उन्हाळ्यापासून पडला होता, पण विचारायचं राहूनच जाई. खुर्ची बाजूला केली आणि डब्यांकडे वळलो. सगळ्या डब्यांवर नावं छापलेली आहेत, आमच्या लग्नातला सेट. ओट्यावरच्या पाकिटातली चहापूड आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यातले दोन चमचे घालून चहा उकळला, बशीत ओतला, घोट घेतला आणि बेसिनकडे धावलो. मीठ!

"प्रभा, साखर कुठे आहे?" सवयीनं तोंडातून निघून गेलं.

आतून उत्तर आलं, "घर्रर्र."

हसू आलं. मग ईर्ष्येला पेटलो. 'चहा'च्या डब्यात मेतकूट निघालं, 'हळदी'त साबुदाणा, 'बेसना'त लोकरीचे गुंडे. नावं वाचून शोधणाऱ्याला हे घर दाद देणार नव्हतं. साखर शेवटी खालच्या कप्प्यात सापडली, इशिताच्या लहानपणच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात. पण हा प्रकार काय? प्रभा नीटनेटकी बाई. ही अदलाबदल तिनं केली असेल तर तिला काहीतरी कारण असणार.

तांदळाचा मोठा डबा वरच्या फळीवर असतो, एवढं मला ठाऊक होतं. स्टूल घेतलं, चढलो. फळीवर बोटभर धूळ. टाकी भरलेली आहे की रिकामी, हे मी टिचकी मारून सांगतो, ती सवय हाताला आहेच. तांदळाच्या डब्यावर टिचकी मारली. रिकामा. गव्हाचा, रिकामा. डाळींचे तिन्ही, रिकामे. क्षणभर वाटलं, घरात दाणा नाही आणि मला पत्ताच नाही.

खाली उतरून गुडघ्यावर बसलो आणि एकेक कप्पा ओढला. धान्य होतं की. सगळं होतं, पण जॅमच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या छोट्या छोट्या बाटल्यांत. एकही बाटली अशी नाही, जी उचलायला दोन हात लागतील. कंबरेच्या वर काही नाही, जड काही नाही. हाताला जो रिकामा डबा, जी रिकामी बाटली लागेल तिच्यात, जे आधी भरावं लागेल ते.

मग मला ती खुर्ची दिसली. तिच्यावर उशी होती, मधोमध दबलेली.

प्रभाला वर हात नेला की धाप लागत होती. मोठा डबा उचलवत नव्हता. ती बसून पोळ्या लाटत होती आणि गरम पोळी माझ्या ताटात येत होती, आणि मी पेपरमागून म्हणत होतो, जरा तूप वाढ. मला स्वतःची एवढी लाज वाटली की उठावंसं वाटेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सगळ्यात खालचा कप्पा उघडायचा राहिला होता. त्यात प्लॅस्टिकच्या पुड्या होत्या, गाठ मारलेल्या, ओळीनं लावलेल्या. एक सोडून पाहिली. मूठभर तांदूळ, त्याहून कमी मूगडाळ, चिमूटभर हळद, एक लवंग, थोडं मीठ. खिचडी. नुसती पाण्यात टाकायची, कुकर लावायचा. दुसरी सोडली, तीही तशीच. कप्पा मागपर्यंत भरलेला होता. मोजायचं माझं धाडस झालं नाही.

मूठभर तांदूळ. एका माणसाचे.

हॉस्पिटलच्या आठवडाभरासाठी हे नव्हतं. तेवढ्यासाठी कुणी कप्पा भरत नाही. गॅलरीतल्या त्या बरण्या मला आठवल्या आणि प्रभानं सिनेमा पुन्हा तिथून का लावायला सांगितला, तेही कळलं. ही बाई ऑपरेशन टाळत नव्हती. आधी माझी बेगमी पुरी करत होती. आणि आज मला त्यावर जगता येतं का, हे बघत होती.

मला राग आला. तिचा आला, माझा आला, त्या किमरावाचाही आला. डोळे पुसले, दोन पुड्या फोडल्या आणि एकाच कुकरमध्ये ओतल्या. पाणी अंदाजानं. वरून मीठही घातलं. शिट्ट्या झाल्या. खिचडी पळीवाढी झाली होती, पण खिचडीच होती. दोन ताटल्यांत वाढली, वर मेतकूट भुरभुरलं, तूप सोडलं आणि कोपरानं आतल्या खोलीचं दार ढकललं.

प्रभा खिडकीपाशी पांढऱ्या धुराकडे बघत बसली होती. "किमरावानं दार उघडलं नव्हतं," ती म्हणाली.

"किमराव गाढव होता. चल, जेव."

तिनं माझ्या हातातल्या दोन ताटल्या पाहिल्या. "किती पुड्या फोडल्या?"

"दोन."

कुठला कप्पा मी उघडला ते तिला समजलं होतं. मी ताटली तिच्या मांडीवर ठेवली आणि समोर जमिनीवर बसलो.

"मला ऑपरेशनची भीती नाही हो वाटत," ती म्हणाली. "मी परत आले नाही, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून 'साखर कुठे आहे' विचाराल, आणि सांगायला कुणी नसेल. त्याची वाटते."

मी म्हटलं, "साखर दुधाच्या पावडरीच्या डब्यात आहे. मीठ साखरेच्या. साबुदाणा हळदीच्या. विचार अजून काही."

"मेतकूट?"

"चहाच्या. आणि ती खुर्ची कशाला आहे, तेही कळलं मला." तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, "एकट्याच्या पुड्या मी खाणार नाही, प्रभा. उपाशी राहीन. तू परत ये, मग दोन-दोन करून संपवू. रोज मी लावीन कुकर."

तिनं घास घेतला. चावून, गिळून मग म्हणाली, "खारट झालीय. पुडीत मीठ होतं."

"होतं, हे आत्ता कळलं."

ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. आज ती मला ऐकू आली. मी ताटली खाली ठेवली, फोन घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. ती नाही म्हणाली नाही. मी डॉक्टरांचा नंबर लावला.

पलीकडे रिंग वाजत होती. प्रभानं रिकामी ताटली पुढे केली. "आहे का अजून?"

"आहे," मी म्हटलं. "दोघांची टाकलीय."