दीड सेकंदाचा थांबा

यंत्राला थांबायचं कारणच काय? पण जपानमधल्या ओकाया गावच्या त्या कारखान्यातला पोलादी हात दर कटाआधी दीड सेकंद थांबायचा, आणि इंजिनियर निनोमियाच्या डोक्यात तिडीक जायची. सगळी यंत्रं एका संगणकाला जोडलेली, कच्चा माल आत टाकला की तयार शाफ्ट बाहेर. मधेच हा हात कसला विचार करत बसतो, असं तो येताजाता विचारायचा.

ऑपरेटर सावाकोला ते ठाऊक होतं. या हाताला काम शिकवलं होतं तिच्या नवऱ्याने, तेत्सुझोने. त्याच्या मनगटाला पट्टे बांधून दोन महिने त्याची एकूण एक हालचाल संगणकात भरून घेतली होती. कट मारण्याआधी तेत्सुझो बोट रोखून बघायचा आणि म्हणायचा, "योशी." बघितलं, ठीक आहे. तसं इथे सगळेच म्हणतात, पण नुसतं तोंडाने. हा बाबा खरोखर बघायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता त्याचं एवढंच काय ते उरलं होतं, आणि तेही पुसायला निनोमिया निघाला होता.

तिने विनवून पाहिलं. निनोमियाने कमरेत वाकून माफी मागितली आणि हिशेब ऐकवला: दिवसाला हजार कट, म्हणजे पंचवीस मिनिटं फुकट. गुरुवारी सकाळी त्याने तो थांबा काढून टाकला. सावाकोला रडूच आलं.

जेवणाच्या सुटीनंतर पडद्यावर सगळं हिरवं होतं. हाताभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याचं दार बंद, आत कुणी नाही. तिने रागारागात, न बघताच बोट दाखवलं, "योशी" पुटपुटली आणि बटण दाबलं.

हात हलेना. पडदा म्हणत होता, काम चालू आहे. त्या हाताची तिन्ही बोटं नेहमी एकदमच मिटायची. आज दोनच मिटली होती, आणि तिसरं समोर रोखलेलं होतं. सावाकोच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या बोटाच्या रोखाने तिने बघितलं, तर रचलेल्या पेट्यांमागे बुटाचं टोक.

तिने सगळं जागच्या जागी बंद पाडणाऱ्या लाल बटणावर मूठ हाणली आणि हाका मारल्या. निनोमिया रांगत बाहेर आला. पडलेला स्क्रू शोधायला हा शहाणा मालाच्या शटरमधून आत शिरला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सावाकोसान, थांबा तर मी सकाळीच काढलाय. मग हा थांबला कसा?"

तिने वाकून पेट्यांमागे बघितलं, टेबलाखाली बघितलं, शटरपर्यंत नजर फिरवली. मग बोट रोखलं.

"बघितलं हो," ती म्हणाली. "योशी."

तिसरं बोट मिटलं आणि हात कामाला लागला. लाल बटण अजून दाबलेलंच होतं.