भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. माझा एक पाय जरा आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "डुलेल, पण पडणार नाही." त्याचा शब्द मी आजवर पाळला आहे.

पुस्तकं बांधायच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. एका लांब टेबलाभोवती सगळे बसत, पानं दुमडत, शिवत, खळ लावत आणि जिभेला उसंत म्हणून देत नसत. माझ्यावर बाइंडरकाका बसत. "काकांनी शिवलेलं पुस्तक उसवायचं नाही," असं मालक म्हणत. कौतुक त्यांचं व्हायचं, फुगायची मात्र मी!

कागद कापायच्या यंत्राशेजारी वर्षानुवर्षं बसून काकांचे कान मंदावले. टेबल हसलं की ते विचारत, "काय म्हणालात?"

"काही नाही हो, सोडा."

कुणाच्या मनात पाप नव्हतं. हात कामात असताना तेच पुन्हा कोण सांगणार? पण अशा प्रत्येक 'काही नाही'नंतर काका मला वीतभर मागे सरकवत. सरकत सरकत आम्ही भिंतीला लागलो. मग एके दिवशी त्यांनी माझी पाठच टेबलाकडे केली.

टेबलावरचे म्हणाले, "काकांना शिंगं फुटलीत." काका पुटपुटले, "मलाच हसतात." दोन्हीकडचं ऐकणारी मी एकटी, आणि मला तोंड नाही!

एका दुपारी काका मालकांना म्हणाले, "शनिवारपासून येत नाही. नजर गेली." साफ खोटं! सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचे ते.

हे शिलाईवाल्या ताईने ऐकलं. बाळंतपणानंतर ती नुकतीच कामावर आली होती. तान्ह्या लेकीशी समोर बसून, तोंड दिसेल असं, दहा वेळा तेच बोलायची सवय तिला लागलेली. तिने काकांना उठवलं आणि मला खिडकीशी, टेबलाजवळ ओढून आणलं.

"हे काय गं?"

"इथे उजेड आहे, काका. आमची तोंडं दिसतील." मग ती यंत्रावरच्या मामांकडे वळली. "मामा, मघाशी सगळे ज्यावर हसले, ते पुन्हा सांगा. काकांकडे बघून."

मामा ओशाळले. "अहो, मालकांनी हौसेने वही शिवली. उलटी! आता म्हणतात, डावखुऱ्यांसाठी आहे."

काका असे हसले की माझ्या पायाखालची घडी निसटली.

"म्हणजे तुम्ही मालकांना हसत होतात?"

"तुम्हाला हसायचं तर तोंडावर हसू की!" मामा म्हणाले.

शनिवारी काका आले. पुढेही कित्येक वर्षं आले. आता ते घरी असतात, पण माझी खिडकीपाशची जागा कुणी हलवलेली नाही. ताईचे उपकार मी विसरणार नाही. आणि काकांचेही, कारण तिने धरलेला हात त्यांनी झिडकारला नाही.

मित्रांनो, माझे खिळे सैल राहिले तरी चालेल. पण कुणी "काय म्हणालात?" असं विचारलं, तर पुन्हा सांगा. आणि एखादी खुर्ची भिंतीकडे तोंड करून दिसली, तर तिला उजेडात ओढून आणा. फार जड नसते ती.